ढेपेतलं प्रोटीन कोठीपोटात किती फुटतं? नायलॉन पिशवीने मोजण्याची रीत

सरकी ढेप, सोयाबीन डीओसी (तेल काढून उरलेली पेंड), डाळ मिलची तूर चुनी: नागपूरकडच्या गोठ्यांचा खुराक बहुतेक यावरच चालतो. प्रयोगशाळेच्या अहवालातला क्रूड प्रोटीनचा (एकूण प्रोटीनचा ढोबळ) आकडा म्हणजे नायट्रोजन गुणिले 6.25. युरिया मिसळला तरी तो फुगतो. त्यातलं किती प्रोटीन कोठीपोटातले (रुमेनमधले) जंतू फोडतात आणि किती आतड्यापर्यंत पोहोचतं, हे पाहायला नमुना नायलॉनच्या पिशवीत भरून कोठीपोटात ठेवतात आणि ठराविक तासांनी किती उरला ते मोजतात. त्यासाठी फिस्टुला (कोठीपोटात उघडणारं, झाकण लावलेलं कुशीतलं छिद्र) बसवलेली जनावरं हवीत. म्हणजे हे काम पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं किंवा संशोधन केंद्राचं, आणि प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी आधी.

जनावरं किमान तीन घ्या. एकाच जनावरात दहा पिशव्या टाकल्याने दहा निरीक्षणं होत नाहीत. निदान दोन आठवडे ठरलेला चारा आणि खुराक, ठरल्या वेळी. नुसत्या कडब्यावरच्या जनावरात ढेपेचं प्रोटीन हळू फुटतं, कारण जंतूंनाच नायट्रोजन कमी पडतो.

नमुना 2 मिलिमीटर चाळणीतून दळा. बारीक पीठ केलं की कण छिद्रांतून निसटतात आणि न पचलेला माल पचल्यासारखा दिसतो. पिशवीची छिद्रं 40 ते 60 मायक्रॉनची. 10 × 20 सेंटिमीटरच्या पिशवीत 5 ग्रॅम पुरे. ठासून भरली तर आतला गोळा कोरडाच राहतो. शिवण दुहेरी हवी, आणि सुईच्या भोकांवर गोंद फिरवायला विसरू नका. कायम शाईने नंबर घाला, पिशवी वाळवून रिकामं वजन नोंदवा.

वेळा 2, 4, 8, 16, 24 आणि 48 तास. प्रत्येक वेळेला जनावरामागे दोन पिशव्या, 24 आणि 48 तासांना तीन-चार, कारण तेव्हा उरलेला माल नायट्रोजन तपासायलाही पुरत नाही. पिशव्या कोमट पाण्यात ओल्या करून वजन लावलेल्या दोरीला बांधा. दोरी सुमारे 50 सेंटिमीटर सैल असावी, नाहीतर पिशव्या वरच्या चाऱ्याच्या थरात अडकतात. 48 तासांची पिशवी आधी टाका, 2 तासांची शेवटी, आणि सगळ्या एकदम काढा. मग धुणं सगळ्यांना सारखं मिळतं.

बाहेर काढताच बर्फाच्या पाण्यात. मे महिन्यातल्या नागपुरात बादली दहा मिनिटं उन्हात राहिली तरी जंतूंचं काम चालूच असतं. धुताना पाणी स्वच्छ निघेपर्यंत थांबा, पण पिशवी चोळू-पिळू नका. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात: एकाने दोन मिनिटं धुतली, दुसऱ्याने दहा, की तक्ता वाकडा. वॉशिंग मशीन असेल तर सगळ्या पिशव्यांना एकच ठरलेलं चक्र द्या. शून्य तासाच्या पिशव्या कोठीपोटात न घालता तशाच धुवायच्या, म्हणजे नुसत्या धुण्याने किती माल जातो ते कळतं. पावसाळ्यात वाळवलेला माल हवेतून ओल ओढतो, म्हणून 60 अंशांवर 48 तास वाळवल्यावर डेसिकेटरमध्ये (हवेतली ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करून लगेच तोला.

आता हिशेब. समजा, पिशवीत 4.5 ग्रॅम शुष्क माल, प्रोटीन 50 टक्के, म्हणजे 2.25 ग्रॅम. 16 तासांनी 1.5 ग्रॅम उरला, त्यात प्रोटीन 42 टक्के, म्हणजे 0.63. फुटलं 72 टक्के. सगळ्या वेळांचे आकडे ऑर्स्कोव्ह आणि मॅक्डोनाल्ड यांच्या 1979 च्या सूत्रात बसवा: लगेच निघून जाणारा भाग अ, हळू फुटणारा ब, ताशी वेग क. मग प्रत्यक्ष फुटणारं प्रोटीन = अ + ब × क ÷ (क + ग). ग म्हणजे अन्न कोठीपोटातून पुढे सरकण्याचा ताशी वेग. अ 20, ब 75, क 0.08 धरलं तर ग 0.05 ला उत्तर 66 टक्के, 0.08 ला 57.5. जास्त खाणाऱ्या दुभत्या गाईत अन्न लवकर पुढे जातं, म्हणून ग न लिहिता नुसता टक्का सांगणं फुकट.

कमी फुटलं म्हणजे बायपास प्रोटीन (कोठीपोटात न फुटता आतड्यात पोहोचणारं) चांगलं, असं लगेच म्हणू नका. जास्त तापवलेल्या, काळपट ढेपेतलं प्रोटीन कोठीपोटात फुटत नाही आणि आतड्यातही पचत नाही. ते शेणात जातं. म्हणून 16 तासांचा उरलेला माल टाकू नका. त्यावर आधी आम्लात पेप्सिन, मग पॅनक्रिएटिन ही पाचक द्रव्यं चालवून आतड्यातली पचनीयता काढा आणि मूळ नमुन्यात आम्ल-डिटर्जंटमध्ये न विरघळणारा, म्हणजे तापून न पचणारा झालेला, नायट्रोजन तपासा.