भर उन्हाळ्यात फायबरच्या होडीचे बल्कहेड बसवताना

उन्हाळ्यात उजनीचे पाणी मागे हटले की माढा-करमाळ्याकडच्या फायबरच्या होड्या काठावर येतात, आणि आतले सुटलेले बल्कहेड, म्हणजे होडीला आडवी बळकटी देणारे प्लायचे पडदे, पुन्हा बसवण्याचे काम नेमके सोलापूरच्या चाळिशीपारच्या उन्हात करावे लागते. तापमान दहा अंशांनी वाढले की रेझिन, म्हणजे हार्डनर कालवल्यावर घट्ट होणारे चिकट द्रव, घट्ट होण्याचा वेळ साधारण निम्म्यावर येतो. त्यामुळे दुपारी मोठा डबा कालवला, तर तो हातातच तापून फुकट जातो.

होडी आधी पोत्यांवर किंवा लाकडी आधारांवर समपातळीत टेकवावी, कारण वाकलेल्या बुडात बसवलेला पडदा तिचा वाकडेपणा कायम करतो. प्लाय बुडाच्या वळणापेक्षा सुमारे 10 मिमी कमी कापावा आणि त्या फटीत कडक फोमची पट्टी घालावी. प्लायची धार थेट फायबरवर टेकली, तर लाटेच्या प्रत्येक आदळीचा भार त्या एकाच रेषेवर येतो आणि पुढे बाहेरून तिथेच चीर दिसते. पाण्याच्या निचऱ्यासाठी तळाशी भोक ठेवून त्याच्या कडा रेझिनने बंद कराव्यात.

खरे काम घासण्यात आहे. जुन्या फायबरवर नवे रेझिन रासायनिक रीतीने एकजीव होत नाही, ते खरखरीत पृष्ठभागाला धरून राहते. म्हणून रंग, मेण व तेलकटपणा आधी ॲसिटोनने पुसून काढावा आणि मग 40 नंबरच्या सँडपेपरने चमक पूर्ण जाईपर्यंत घासावे. मास्क व चष्मा न लावता हे काम करू नये. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त असले, तरी या जोडासाठी इपॉक्सी रेझिनच घ्यावे. त्यासोबत साधी चॉप्ड मॅट (काचेच्या आखूड तंतूंची चादर) टाळून शिवलेले बायॲक्सियल, म्हणजे दोन दिशांनी तंतू असलेले, काचेचे कापड वापरावे, कारण त्या मॅटमधला बाइंडर, म्हणजे तंतू धरून ठेवणारा पदार्थ, पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकाने विरघळतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसते.

प्लायच्या कडांना रेझिनचा पहिला हात संध्याकाळी, तापमान उतरू लागल्यावर द्यावा. सकाळी दिल्यास वाढत्या उन्हाने लाकडातली हवा फुगते आणि थरात बुडबुडे उठतात. दुसऱ्या दिवशी पहाटे, कडांवर मेणासारखा चिकट थर आला असल्यास तो पाण्याने धुऊन, कोरडा करून, घासून घ्यावा. मग सिलिका मिसळलेल्या घट्ट इपॉक्सीने पडदा आणि बूड यांच्या कोनात गोलसर भराव द्यावा व तो ओला असतानाच कापड बसवावे. पहिली पट्टी दोन्ही अंगांवर सुमारे 50 मिमी, दुसरी 75 आणि तिसरी 100 मिमी चढावी, म्हणजे जाडी एकदम न संपता उतरत जाते. रोलरने हवा काढून पडद्याच्या दुसऱ्या बाजूलाही तसेच करावे.

सर्व वाळल्यावर जोडावर नाण्याने ठोकत जावे. जिथे पोकळ आवाज येईल, तेवढा भाग ग्राइंडरने काढून पुन्हा भरावा.