घरी गिटार रेकॉर्ड करताय? माईक आधी नीट लावा

घरी गिटार रेकॉर्ड केली की आवाज एकतर नुसता घुमतो नाहीतर डब्यात बसून वाजवल्यासारखा येतो, आणि मग लोक लगेच महागडा माईक शोधायला लागतात. आधी आहे तोच माईक चार बोटं इकडेतिकडे सरकवून बघा, निम्मं काम तिथेच होतं.

सुरुवात खोलीपासून. पंखा, एसी बंद करा, गाद्या, जाड पडदे, कपड्यांचं कपाट असलेली खोली निवडा. कोपऱ्यात बसू नका, तिथे बेस फुगतो. एक टाळी वाजवून बघा, मागे झणझण ऐकू आली तर एखादी रजई टांगा.

माईक कंडेन्सर (वीज लागणारा, बारीक आवाजही पकडणारा) असेल तर इंटरफेसवर, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यावर, 48 व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच माईकला मिळणारी वीज) चालू करायला विसरू नका.

आता खरी गंमत. बहुतेक जण माईक थेट गिटारच्या भोकासमोर लावतात, आवाज तिथूनच येतो ना! पण तिथे पोटातल्या हवेचा घुमारा असतो, 100 हर्ट्झच्या आसपासचं सगळं ढब्ब होतं आणि तारांची खणक मागे पडते. त्यापेक्षा माईक बाराव्या फ्रेटसमोर लावा, वीतभर किंवा थोडा जास्त लांब, म्हणजे 20-30 सेंटीमीटर, आणि त्याचं तोंड नेक जिथे बॉडीला मिळते तिकडे जरासं वळवा. तरी बेस जास्त वाटला तर इक्यूला (बेस-ट्रेबल कमीजास्त करायच्या सोयीला) हात लावू नका, माईक मागे घ्या, कारण कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा) माईक जवळ गेला की बेस आपोआप वाढवतो. हेडफोन लावून एकच कॉर्ड वाजवत राहा आणि कुणालातरी माईक हळूहळू हलवायला सांगा. एकटेच असाल तर प्रत्येक जागेचा छोटा टेक घ्या आणि आधी तोंडाने बोला, "बारावा फ्रेट, एक वीत", म्हणजे नंतर ऐकताना घोळ होत नाही.

गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, लावताना सगळ्यात जोरात वाजवा, पीक (मीटरवरचं सगळ्यात वरचं टोक) -12 ते -6 डीबीमध्ये राहू दे. 24 बिटवर रेकॉर्ड करत असाल तर आवाज थोडा कमी आला तरी चालतो, फाटलेला मात्र काही केल्या सुधरत नाही.

दोन माईक असतील तर एक्सवाय करा, म्हणजे दोन्हींची तोंडं एकमेकांजवळ, एकावर एक, 90 अंशांत. लांब लांब लावले तर एकदा मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही आवाज एकत्र करून, ऐकाच, आवाज पातळ झाला तर फेजची भानगड आहे, म्हणजे दोन माईकचे आवाज एकमेकांना खातायत, एक माईक सरकवा किंवा फेजचं बटण फिरवून बघा.

इलेक्ट्रिक गिटारच्या अँपला साधा डायनॅमिक (फँटम पॉवर न लागणारा) माईक बेस्ट, जाळीला जवळपास टेकवून, स्पीकरच्या मध्यावर आवाज टोकदार, कडेला मऊ. बासरीला फुंकेच्या वाटेत माईक नको, थोडा वरून लावा.

जागा पटली की स्टँडच्या पायांशी आणि खुर्चीपाशी जमिनीवर चिकटपट्टी लावा, मोबाईलवर फोटोही काढा. उद्या एखादी ओळ परत घ्यायची वेळ आली तर आवाज जुळायला हवा ना.