द्राक्षबागेतील बायांसोबत संशोधन करताना : नव्या संशोधकांसाठी

स्त्रीवादी आणि निर्वसाहतवादी (वसाहतकाळातून आलेल्या विचारचौकटी तपासणाऱ्या) दृष्टीने संशोधन करू पाहणाऱ्यांना मी आधी हेच सांगते की, ज्यांच्या मुक्तीसाठी आपण अभ्यास करतो असे म्हणतो, त्यांना कोणते उत्तर हवे आहे ते प्रश्नावली करण्यापूर्वी विचारावे. नाशिक जिल्ह्यातील पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवरून दिंडोरीच्या द्राक्षबागांत टोळीने कामाला येणाऱ्या बायांशी मी स्थलांतराविषयी बोलू लागले, तेव्हा त्यांना जाणून घ्यायचे होते ते वनपट्ट्यावर, म्हणजे वनजमिनीच्या हक्काच्या कागदावर, आपले नाव आहे की नाही एवढेच. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) नुसार विवाहितांचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवावा लागतो. आम्ही पट्ट्यांच्या प्रती एकत्र बसून वाचल्या आणि पुढचा अभ्यास त्याच प्रश्नावर उभा राहिला.

मुलाखतीत ‘काम काय करता?’ असे थेट विचारले, तर ‘काही नाही, घरचंच’ असे उत्तर अनेकदा येते आणि तेच कागदावर उतरले की बाई बिनकामाची ठरते. त्याऐवजी कालचा दिवस पहाटेपासून सांगायला सांगावे. मग पाणी, चूल, लेकरू, बागेतली घडांची विरळणी, संजीवकाच्या (वाढीवर परिणाम करणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात एकेक घड बुडवण्याचे डिपिंग आणि परतताना गोळा केलेले सरपण, हे सारे क्रमाने येते. याला वेळ लागतो, तो द्यावाच.

जुनी कागदपत्रेही अशीच उलटतपासणी करत वाचावी लागतात. १८८३ चे नाशिक गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, इंग्रज राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी लिहिले गेले, त्यामुळे त्यातील आदिवासींची वर्णने कोणी, कोणाला विचारून लिहिली, हे आधी पाहावे. मात्र इंग्रजपूर्व काळाचा गौरव करणे म्हणजे निर्वसाहतीकरण नव्हे. पेशवाईत मांग-महारांचा झालेला छळ फुले दांपत्याच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे यांनी १८५५ मध्येच निबंधात मांडला होता, आणि ज्या नाशिक शहरात दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, तिथल्या संशोधकाने तर जात बाजूला ठेवून स्त्रीप्रश्न अभ्यासूच नये. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा सहभाग ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) मध्ये त्या स्त्रियांना भेटून नोंदवला. मुलाखतीची पद्धत शिकण्यासाठी मी तेच पुस्तक सुचवते.

लिहिलेला मजकूर त्या बाईंना मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्या सांगतील ते गाळावे. पुढच्या हंगामात त्यांना त्याच मुकादमाकडे काम मागायचे असते, म्हणून नावाबरोबर पाडा, बाग आणि टोळीची ओळखही झाकावी.