सीरियाला माल पाठवायचाय? मग कागद या क्रमाने बघा

"ताई, निर्बंध उठले ना आता? मग बँक का अडून बसलीय?" कोल्हापूरचा पंपवाला असो की इचलकरंजीचा कापडवाला, फोनवर पहिला प्रश्न हाच. मी नवी मुंबईत निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करते. सीरियाची चौकशी आली की मी कशी पुढे जाते, ते इथे लिहिते.

सगळ्यात आधी निर्बंध कोणाचे होते ते वेगवेगळं मांडा. 8 डिसेंबर 2024 ला सीरियाचा हुकूमशहा असद मॉस्कोला पळाला, पण निर्बंध जागच्या जागी राहिले. इराकच्या वेळी काम सोपं होतं. तिथली व्यापारबंदी संयुक्त राष्ट्रांची होती. सद्दाम गेल्यावर मे 2003 मध्ये सुरक्षा परिषदेने 1483 क्रमांकाचा ठराव केला आणि शस्त्रं वगळता व्यापार एका फटक्यात मोकळा झाला. सीरियावर सुरक्षा परिषदेने व्यापारबंदी कधी घातलीच नाही. 2011 मध्ये रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरला. म्हणून अमेरिका, युरोपीय संघ, ब्रिटन यांनी आपापले निर्बंध लावले, आणि काढलेही आपापल्या सवडीने. भारताने स्वतःहून काहीच लावलेलं नव्हतं, आपण फक्त संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध पाळतो. आपल्या माणसाची अडचण कायद्याची कमी आणि डॉलरची जास्त होती.

आता तारखा. ट्रम्प यांनी रियाधमध्ये 13 मे 2025 ला निर्बंध उठवण्याची घोषणा केली, त्याच आठवड्यात लोक कंटेनर बुक करायला निघाले. घोषणेवर माल भरू नका, आदेशावर भरा. युरोपीय संघाने आर्थिक निर्बंध 28 मे 2025 ला उठवले. अमेरिकेचा आदेश 30 जूनला निघाला आणि 1 जुलैपासून लागू झाला. सीरियावर निर्बंध लादणारा 'सीझर कायदा' मात्र अमेरिकी संसदेचा, तो राष्ट्राध्यक्षाला फक्त तहकूब ठेवता येत होता. तो डिसेंबर 2025 मध्ये संरक्षण खर्चाच्या कायद्यातून रद्द झाला. तेव्हा एखादी बँक 2025 च्या मध्यात "थांबा" म्हणाली असेल तर तिला अगदीच वेड्यात काढू नका.

देशाचं दार उघडलं तरी निर्बंध असलेल्या माणसांची यादी उरतेच, आणि खरा वेळ इथेच घालवा. अमेरिकेने 30 जूनच्या आदेशाबरोबर 518 नावं यादीतून काढली, पण असद आणि त्याच्या गोटातली माणसं ठेवली. त्यामुळे ऑफिसात कोणाकडे तरी पडलेली जुनी एक्सेल शीट दोन्हीकडून चुकते: सुटलेला अडकलेला दिसतो आणि नवीन घातलेला दिसतच नाही. अमेरिकी अर्थखात्याच्या ओफॅकचं (निर्बंध बघणारा विभाग) शोध-पान फुकट आहे, तेच वापरा. त्यात नावाच्या जुळणीच्या टक्क्यांची एक पट्टी असते. ती 100 वर असेल तर अक्षरन् अक्षर जुळलं तरच नाव सापडतं. अरबी नावं इंग्रजीत लिहायची कोणाची एक पद्धत नसते; मोहम्मद, मुहम्मद, मोहामेद, सगळे एकाच माणसाचे अवतार. पट्टी 85 पर्यंत खाली आणा. मग पन्नास नावं येतील, त्यातून जन्मतारीख आणि वडिलांचं नाव बघून वगळत जा. म्हणून खरेदीदाराकडून पासपोर्टची प्रत आणि तिथल्या व्यापारी नोंदणीचा उतारा (त्याला ते 'सिजिल तिजारी' म्हणतात) पहिल्याच मेलमध्ये मागा. खरेदीदार, कन्साइनी (माल ज्याच्या नावे जातो तो), नोटिफाय पार्टी (माल पोचल्यावर ज्याला कळवायचं तो), खरेदीदाराची बँक, जहाजाचा आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), सगळं तपासा. यादीतल्या माणसांची मिळून 50 टक्के किंवा जास्त मालकी असलेली कंपनीही अडकते, तिचं नाव यादीत नसलं तरी. भागीदार कोण, हा प्रश्न लाजून टाळू नका.

मग माल. कापडाला, तांदळाला फारसं काही नाही. पंपाला आहे. पंप कोल्हापूरचा, पण पॅनेलमधला ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) अमेरिकन असेल तर तो भाग अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रण यादीत कुठे बसतो ते पुरवठादाराकडून लेखी घ्या. साध्या, यादीत क्रमांक नसलेल्या वस्तूंना सप्टेंबर 2025 पासून सूट आहे. क्रमांक असलेले भाग मात्र मोजले जातात, आणि त्यांची किंमत तुमच्या मालाच्या 10 टक्क्यांच्या वर गेली की कोल्हापूरचा पंपही अमेरिकी कायद्याखाली येतो. ही टक्केवारी इतकी कडक, कारण 1979 पासून सीरिया अमेरिकेच्या 'दहशतवादाला आश्रय देणाऱ्या देशां'च्या यादीत आहे आणि 2025 संपला तेव्हाही होता. रसायनवाल्यांनी आपली स्कोमेट यादी (परवान्याशिवाय निर्यात न करता येणाऱ्या संवेदनशील मालाची भारताची यादी) आधी उघडावी. 2013 मध्ये दमास्कसजवळच्या घूतामध्ये सारिन हा विषारी वायू वापरला गेला, तेव्हापासून त्या देशाकडे जाणाऱ्या रसायनांच्या ड्रमाकडे सगळेच रोखून बघतात.

आणि शेवटी बँक. इथे तुम्ही बरोबर असूनही हराल, हे धरून चला. एफएटीएफच्या (काळ्या पैशावर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) करड्या यादीत, म्हणजे जास्त लक्ष ठेवायच्या देशांत, सीरिया 2010 पासून आहे, त्यामुळे आपल्या बँकेचा अनुपालन विभाग कायद्यापेक्षा दोन पावलं मागे राहतो. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (सौद्याआधीचं कच्चं बिल) पाठवायच्या आधी बँकेला लेखी विचारा: सीरियाचा खरेदीदार, अमुक माल, पैसे अमुक बँकेतून, चालेल का? तोंडी "बघू साहेब" म्हणजे नाही. डॉलर न्यूयॉर्कमार्गे फिरतात, तिथल्या बँकेने नुसता प्रश्न विचारला तरी पैसे अडकून पडतात. खरेदीदाराची दुबईतली कंपनी दिरहममध्ये देणार असेल तर चालू शकतं, पण मग ती कंपनी इन्व्हॉइसवर आणि करारात दिसली पाहिजे. तिसऱ्याच खात्यातून आलेले पैसे सरळ परत करा. विमा आणि ईसीजीसीचं (निर्यातीचे पैसे बुडण्याचा विमा देणारी सरकारी कंपनी) कव्हर त्याच आठवड्यात विचारून घ्या. पहिल्या खेपेला पूर्ण अॅडव्हान्स, हे माझं मत. उधारीवर सीरिया उघडायला जाऊ नका.

करारात एक कलम घाला: निर्बंध परत आले तर माल न पाठवण्याचा हक्क तुमचा, आणि वाटेतल्या मालाचा खर्च कोणाचा ते. सीझर कायदा रद्द करताना अमेरिकी संसदेने सरकारकडून दर 180 दिवसांनी अहवाल मागितलाय, चार वर्षं. हवा फिरायला वेळ लागत नाही.

यादी तपासल्याच्या पानाचे तारखेसकट प्रिंट, बँकेचं उत्तर, पुरवठादाराचं पत्र, सगळं एका फाइलमध्ये. ती फाइल दहा वर्षं ठेवा. मार्च 2025 पासून ओफॅकचा नियम पाच नाही, दहा वर्षांचा आहे.