रानआमरीची हर्बेरियम शीट: लेबल लिहिताना या चुका टाळा

हर्बेरियम शीट म्हणजे अभ्यासासाठी दाबून वाळवलेला, कागदावर चिकटवून लेबल लावलेला वनस्पतीचा नमुना. आमरीचं (ऑर्किडचं) फूल दाबून वाळवायच्या प्रेसमध्ये गेलं की रंग जातो, वास जातो. जिच्यावरून जात ओळखायची ती ओठासारखी पाकळीही चुरगळून कागदाला चिकटते. पन्नास वर्षांनी ती शीट उघडणाऱ्याला आधार असतो तो लेबलचाच. म्हणून मला सर्वांत जास्त खटकते ती सवय म्हणजे रात्री मुक्कामावर परतून आठवणीने लेबल लिहिणं.

नोंद झाडापाशीच करा, आणि पेन्सिलीने. आंबोलीच्या पावसात शाई टिकत नाही. फुलाचा रंग, वास, ओठाचा आकार लिहा. हबेनारिया या प्रजातीतली आमरी असेल तर फुलामागच्या शुंडिकेची (शेपटीसारख्या पोकळ नळीची) लांबी ताज्या फुलावरच मिलिमीटरमध्ये मोजा; पुष्कळदा जात तिच्यावरूनच ठरते. शिवाय एक-दोन फुलं स्पिरिटच्या बाटलीत ठेवा आणि शीटचाच क्रमांक पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी हमखास सुटते.

नुसतं ‘झाडावर’ लिहून भागत नाही. जांभूळ की हिरडा, खोडावर की शेंड्याच्या फांदीवर, जमिनीपासून किती उंच, हे हवं. ‘परजीवी’ तर मुळीच लिहू नका. बांडगूळ झाडाचा रस शोषतं. आमरी फांदीवर फक्त बसलेली असते.

वाळवण्याची अडचण एकच, पण चिवट आहे: फुगीर खोडं प्रेसमध्येही जिवंत राहतात आणि पानं गळतात. खोड उभं चिरा किंवा फुलं बाहेर ठेवून क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवा.

जुन्या शीटांची नोंद संगणकावर चढवताना मोठा घोळ होतो तो ठिकाणाचा. हूकर आणि थॉमसन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांच्या १९व्या शतकातल्या संग्रहाच्या काही शीटांवर छापील मजकूर आहे ‘मलबार, कोकण इत्यादी’. एवढ्यावरून कुणी रत्नागिरीवर टाचणी लावली, तर ती आमरी जिथे कधी दिसलीच नाही तिथली ठरते. अशा वेळी लेबलवरचे शब्द जसेच्या तसे उतरवा आणि अक्षांश-रेखांशाचा रकाना रिकामा सोडा. ‘महाबळेश्वर’ एवढंच असेल, तर अंदाजाबरोबर किती किलोमीटरची चूक संभवते तेही लिहा.

तारखेतला महिना अक्षरात लिहा. ७/८ म्हणजे ७ ऑगस्ट की ८ जुलै? पावसाळी आमरीचा बहर थोड्या आठवड्यांचा, त्यात हा महिन्याचा फरक फार झाला.

एकाच संग्राहकाच्या एकाच क्रमांकाच्या शीटा पुण्यातही असतात, लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानातही. त्या सगळ्या मिळून एकच नोंद मोजा. नावांचंही तसंच: हबेनारिया जायगँटिया आणि पेक्टेलिस जायगँटिया ही एकाच वनस्पतीची जुनी-नवी नावं आहेत. नाव बदललं तरी जुनं लेबल खोडू नका, फाडू नका. शेजारी नवी चिठ्ठी लावा, तिच्यावर ओळख पटवणाऱ्याचं नाव आणि तारीख घाला.

आणि मुळात, खुडण्याआधी मोजा. सड्यावर (कातळाच्या पठारावर) चार-पाचच झाडं दिसली तर कंद उपटू नका. फोटो आणि एखादं फूल पुरे. वनखात्याची परवानगी आधी घ्या. सीतेच्या वेणीसारख्या, विक्रीसाठी ओरबाडल्या जाणाऱ्या आमरीचा नेमका ठावठिकाणा शीटवर पूर्ण लिहा, पण जाहीर यादीत फक्त तालुका द्या.