दात मोजा, ओठ उचला: मुलांच्या आणि मोठ्यांच्या दातांची घरची तपासणी

महिन्यातून एकदा लहान मुलाचा वरचा ओठ चांगल्या उजेडात उचलून बघा. हिरडीलगत दातावर खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण. अजून खड्डा पडलेला नसतो, त्यामुळे फ्लोराइड आणि नीट ब्रश यांनी ती थांबू शकते. रेघ तपकिरी झाली किंवा खड्डा दिसला, तर दवाखाना गाठायचा. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळांचे वरचे पुढचे दात आधी किडतात. खालच्या दातांवर जीभ असते, म्हणून ते वाचतात. झोपेत लाळही कमी सुटते. रात्री बाटली लागतच असेल तर तिच्यात फक्त पाणी.

‘दुधाचेच आहेत, पडतील’ हे निम्मंच खरं. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात, आणि त्यांच्या मुळाशी पू झाला तर खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही इजा होऊ शकते.

सर्वांत मोठी गफलत सहाव्या वर्षी होते. मधल्या रेषेपासून मागे मोजा: एका बाजूला दुधाचे दात पाचच. सहावी आली ती कायमची दाढ. ती येताना कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही आणि दुधाची समजून ती किडू दिली जाते. तिच्या खोल खाचांत ब्रशचे केस पोचत नाहीत. दाढ पूर्ण वर आली की दंतवैद्याकडून खाचा सीलंटने, म्हणजे पातळ संरक्षक लेपाने, बुजवून घ्या. त्यासाठी दात कोरावा लागत नाही, भूल लागत नाही.

ब्रश पहिल्या दातापासून, म्हणजे साधारण सहाव्या महिन्यापासून. पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. पेस्टच्या डब्यावर फ्लोराइडचं प्रमाण वाचा, १००० पीपीएमच्या आसपास हवं. बऱ्याच ‘हर्बल’ पेस्टमध्ये ते नसतंच. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत, जिथे काही गावांच्या बोअरच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे पेस्ट दंतवैद्याला विचारून ठरवा. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच करून द्यायचा. मुलाच्या मागे उभं राहा, त्याचं डोकं तुमच्या पोटाला टेकवा, एका हाताने ओठ बाजूला धरा. शेवटी फक्त थुंकायचं. खळखळून चूळ भरली की फ्लोराइड वाहून जातं. ही सवय मोडायला मुलांपेक्षा आजी-आजोबांना जास्त वेळ लागतो.

मोठ्यांच्या हिरड्यांतून रक्त येतं तेव्हा बहुतेक जण तिथे ब्रश करणं सोडतात. नेमकं उलट करायला हवं. रक्त बहुधा साचलेल्या थरामुळे येतं. मऊ ब्रश हिरडीकडे ४५ अंशांत तिरपा धरून हलके, छोटे गोल फिरवा, दोन मिनिटं. दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही तर थर कडक होऊन दगडासारखा टार्टर झाला असेल, तो ब्रशने निघत नाही; दंतवैद्य तो खरवडून काढतात, त्याला स्केलिंग म्हणतात. स्केलिंगने दात हलतात हा गैरसमज आहे. टार्टर निघाल्यावर आधीच तयार झालेल्या फटी उघड्या पडतात. मिश्री लावणाऱ्यांनी ‘माझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही’ यावर विसंबू नये. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि रोग झाकला जातो. मिश्री ही तंबाखूच, तिने कर्करोगही होतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा किंवा न भरणारी जखम दोन आठवड्यांहून जास्त राहिली तर लगेच दाखवा.

दुखऱ्या दाताशेजारी ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. गालावर सूज, ताप, तोंड उघडायला त्रास असं एकत्र दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. श्वास घेणं किंवा गिळणं कठीण झालं तर थेट इस्पितळात.

पडून कायमचा दात मुळासकट निघाला तर तो मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचला. मळला असेल तर थंड पाण्याखाली दहाएक सेकंद धरा, घासू नका. जमलं तर लगेच परत जागेवर बसवून रुमाल चावायला द्या, नाहीतर थंड दुधात बुडवून अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.