घाट उतरून जिमच्या नोकरीला येणाऱ्या पोरांसाठी

कोल्हापूर-सांगलीकडची पोरं फोंडाघाट नाहीतर गगनबावडा उतरून कणकवली, कुडाळ, मालवणात जिम ट्रेनरच्या मुलाखतीला येतात आणि निम्मी आदल्या रात्री मला फोन करतात. मीही असाच आलो. आता इथंच घर आहे आणि मुलाखतीत टेबलाच्या पलीकडे बसतो. तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहितो.

सगळ्यात आधी कागद. मूळ सर्टिफिकेट कुणाच्याही ताब्यात द्यायचं नाही. दाखवायचं, झेरॉक्सशी ताडून बघू द्यायचं आणि परत पिशवीत. ‘राहू दे ऑफिसात, उद्या न्या’ म्हणाले तरी नाही. आपल्या भागातल्या एका पोरानं दहावीच्या मार्कलिस्टपासून सगळं मालकाकडे ठेवलं. दिवाळीनंतर एका रिसॉर्टमध्ये चांगल्या पगाराची जागा निघाली, तर मालक म्हणाला, सीझन संपल्याशिवाय कागद नाहीत. जागा गेली. ऐन डिसेंबरात ट्रेनर पळून जातात हा मालकांचा अनुभव खरा आहे, आणि पळणारे बहुतेक आपलेच असतात, हेही खरं. तरी कागद तुमचे. नोकरी पक्की झाली तरी द्यायचे नाहीत.

कोर्स कुठला केला, यावर फार वेळ जात नाही. सीपीआरच्या (हृदय थांबलं तर छाती दाबून जीव वाचवण्याच्या) कार्डाची मुदत मात्र बघून या, ती साधारण दोन वर्षांची असते. उशी पुढ्यात टाकून करून दाखवायला सांगतात: मिनिटाला १०० ते १२० दाब, निदान ५ सेंटिमीटर खोल, तीस दाबांमागे दोन श्वास. आणि त्याआधी कुणाला तरी १०८ ला फोन लावायला सांगायचं, हे आपली पोरं हमखास विसरतात.

आता खरी गोष्ट. तालमीतून आलेल्यांना वाटतं की दंड बघून नोकरी मिळते. घट्ट टी-शर्ट घालून येतात, जोर किती मारतो ते सांगतात. सकाळच्या बॅचला कोण असतं? रिटायर झालेले मास्तर, बँकेतले काका, बाजारातले दुकानदार. कुणाचा गुडघा, कुणाची शुगर. म्हणून आम्ही प्रात्यक्षिकाला असेच एक काका उभे करतो आणि म्हणतो, यांना स्क्वॉट शिकवा.

दहातली सात पोरं सरळ रॅककडे जातात. गडहिंग्लजची एक मुलगी आली होती, ती काकांजवळ गेली.

‘काका, गोळ्या कसल्या चालू आहेत?’

‘बीपीची एक. सकाळची.’

‘नाव आठवतंय?’

काकांनी खिशातून पाकीटच काढलं. मेटोप्रोलॉल. मग तिनं छातीत दुखतं का, चक्कर येते का, गुडघा चढताना दुखतो की उतरताना, सगळं विचारलं. प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवली आणि काकांना नुसतं उठ-बस करायला लावलं. उठताना मोठ्यानं आकडे मोजायचे. आकडे कशाला, असं मी विचारलं. ‘मोजताना श्वास कोंडता येत नाही सर, कोंडला की बीपी चढतं.’ तिथंच मुलाखत संपली.

नाडीचा कमाल आकडा म्हणजे २२० वजा वय, हे सगळ्यांना पाठ असतं. पासष्टीच्या माणसाला १५५ आलं की खूश. पण मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारख्या गोळ्या नाडी फारशी वाढू देत नाहीत. तो आकडा गाठायला काकांना पळवलंत तर अंगाशी येईल. अशा वेळी बोलण्यावरून ओळखायचं: वाक्य पुरं बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम पुरे. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर ७० च्या खाली आली तर व्यायाम बंद, १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. हे येत नसेल तर घरून निघूच नका.

आहारावर विचारलं की उकडलेल्या चिकनचा छापील तक्ता काढू नका. इथं बांगडा, तारली आहे, कुळथाची पिठी आहे. सोमवारी, संकष्टीला, श्रावणात अनेक घरांत मासे नसतात आणि जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा प्रोटीन कुठून आणणार, ते आधीच ठरवून या. ‘भात सोडा’ म्हणालात तर मालक हसून चहा पाजेल आणि फोन काही यायचा नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनांचा विषय तोंडातही आणू नका.

मालवणात समोरून ‘तू खंयचो?’ असं विचारतील. गाव सांगा, आपल्याच बोलीत बोला, मालवणीची नक्कल नको. एका खोलीत पाच-पाच जण राहून कोकणी माणूस चेंगट म्हणत बसणारे आपले भाऊबंद भेटतील. त्यांच्यात रमू नका. इथला माणूस पैसे मोजून देतो, पण ठरलेले देतो. आपल्याकडच्या ‘बघू की पुढच्या महिन्यात’पेक्षा मला ते बरं वाटतं.

खाऱ्या हवेत बारला लगेच गंज धरतो. रात्री पुसून तेलाचा हात फिरवीन, असं आपणहून म्हणालात तर मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पगाराचं शेवटी, पण स्पष्ट बोला. महिन्याचे ठरलेले किती, पर्सनल ट्रेनिंगमधला वाटा किती, आणि पावसाळ्यात मेंबर कमी झाले की पगार कापणार का, हे लिहून घ्या. गणपतीत राहाल का, हे नक्की विचारतील, कारण इथली पोरं त्या दिवसांत घर सोडत नाहीत. राहणार असाल तर बदली रजा दिवाळीला हवी, हे त्याच कागदावर लिहून घ्या.